मॅग्नेट पुलर परत करणेबाबत

बारामती
३ फेब्रुवारी १९९७

सोमनाथ यास,

जयभीम.

पत्र बघून तुला वाटेल, बादशाह नरमला. तसं काही नाही. कामापुरतं लिहितो आहे.

९१ साली तू गॅरेज सोडून इंदापूरला गेलास, तेव्हा तुझ्या पेटीतून माझा मॅग्नेट पुलर गेला. तो परत पाठव. एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलास तरी चालेल, मी स्टँडवरून घेईन.

कशाला हवा आहे तेही सांगतो, म्हणजे तुला बहाणा वाटायला नको. पिंपळीचे सावळाराम मास्तर काल गाडी घेऊन आले. हो, तीच. लाल हिरो होंडा, जिच्यावरून आपलं फाटलं. सहा वर्षांत हा माणूस गॅरेजच्या दारावरून शंभर वेळा गेला असेल, पण मान खाली घालून. काल आत आला. आधी आवाज आला, मग गाडी आली, मग मास्तर आले. टायमिंग चेन इतकी ढिली झाली आहे की इंजिनात कोणीतरी खिळ्यांचा डबा हलवतोय असं वाटतं. मास्तर म्हणाले, "बादशाहभाई, मी शाळेत पोचायच्या आधीच पोरं पुस्तकं काढून बसत्यात. वेशीपास्नंच ऐकू जातंय त्यांना."

चेन बदलायची तर मॅग्नेट काढावा लागणार. मॅग्नेट काढायचा तर पुलर पाहिजे. एवढाच विषय आहे.

बाकी जुनं मी उकरत नाही. चौदा वर्षं आपण एका छपराखाली काम केलं, त्यात मी तुला कामावरून एकदाच बोललो. मास्तरांच्या गाडीचं हेड आपण खोललं होतं. गाडी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी सांगत आले की कालव्याच्या पुलावर चढत नाही. वरचं दातेरी चाक चेनवर एक दात चुकून बसलं की गाडी चालते पण ओढत नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. मी चार गिऱ्हाइकांसमोर तुला विचारलं की दात कसा चुकवलास. तू पाना फेकलास आणि निघून गेलास. यात माझं काय चुकलं? पुढे लोकांनी विचारलं, सोमनाथ कुठे गेला, तर मी जे झालं ते सांगितलं. मला खोटं बोलायची सवय नाही.

हाताला ग्रीस असल्यामुळे पत्र अनिसाकडून लिहून घेतलं आहे.

बादशाह
(मालक, बी. एस. ऑटो गॅरेज)

सोमनाथकाका, मी अनिसा. अब्बा नमाजला गेलेत तोवर घाईत लिहिते. त्यांच्या हाताला ग्रीस वगैरे काही नाही. रोजे चालू आहेत, गॅरेज चार वाजताच बंद होतं, आणि ते हात धुऊन बसले होते. दुसरं म्हणजे, रॅकमध्ये दोन पुलर आहेत. तरी पण तुम्ही तुमचा पाठवा.


बारामती
१२ फेब्रुवारी १९९७

सोमनाथ यास,

जयभीम.

पुलर मिळाला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला, आणि सोबत एक ओळसुद्धा नाही. सहा वर्षांनी माणूस काही पाठवतो तर निदान 'पोचल्याचे कळवावे' एवढं तरी लिहितो. असो. तेल लावून ठेवलेला दिसतो, आटे अजून नव्यासारखे आहेत. हत्यार कसं ठेवायचं ते तुला मीच शिकवलं.

परवा ईद झाली. तुझी भाभी दरवर्षी शीरखुर्मा एक वाटी जास्त करते आणि मग म्हणते, अंदाज चुकला. चुलीपुढे तीस वर्षं काढलेल्या बाईचा दरवर्षी एकाच वाटीचा अंदाज कसा चुकतो, ते मी विचारत नाही. यंदा ती वाटी मास्तरांना दिली. गाडीचं काय झालं बघायला आले होते.

खाता खाता मास्तरांनी जे सांगितलं, ते ऐकून मी चमचा खाली ठेवला. मी विचारलं होतं, "मास्तर, तेव्हाचा तो दात मग कुणाकडनं नीट करून घेतला?"

"कुनाकडनंच न्हाय," मास्तर म्हणाले. "मी तक्रार केली आन् तुमचं दोघांचं वाजलं. भावासारखी मानसं माझ्यापायी तुटली. म्हनलं, परत कुनापुढं गाडी उभी केली तर आनखी काय तरी मोडंल. ऱ्हाऊ दे."

"म्हंजी सहा वर्सं गाडी तशीच?"

"तशीच. चालती की. पूल आला की आमची ही खाली उतरती, चालत वर येती, आन् पलीकडं परत बसती. आता सवयच झालीया."

सोमनाथ, सहा वर्षं! आपलं भांडण वाढू नये म्हणून मास्तरीणबाई सहा वर्षं कालव्याचा पूल पायी चढतायत. मी हसावं की कपाळाला हात लावावा, मला कळेना. शेवटी हसलो. मास्तरही हसले, पण भीत भीत.

पण याचा अर्थ तुझ्या ध्यानात आला का? ते इंजिन तेव्हापासून कोणी उघडलेलंच नाही. आपण काम झालं की आत, दातेरी चाकाच्या दोन्ही बोल्टांवर आपापल्या रंगाचा ठिपका द्यायचो. तुझा निळा, माझा हिरवा. मागाहून कोणी बोल्ट हलवला तर कळावं, आणि काम कोणाच्या हातचं तेही कळावं म्हणून. जाताना तू म्हणाला होतास, "कव्हर काढा, भाई. रंग बघा." मी काढलं नाही. माझ्या गॅरेजात मला पुरावा लागत नव्हता.

आता आयताच हातात आला आहे तर बघू. उद्या गुरुवार, बाजाराचा दिवस, दारात माणसं असतात. उद्याच कव्हर काढतो. निळा ठिपका दिसला की चौघांना दाखवतो आणि तुला फोटो पाठवतो. फोटोग्राफरला सांगून ठेवलं आहे.

बोर्डावर अजून बी. एस. ऑटोच आहे. लोक विचारतात, भाई, बी म्हणजे बादशाह, मग एस म्हणजे कोण? मी सांगतो, एस म्हणजे सर्व्हिस. नवा बोर्ड रंगवायला पेंटर मिळत नाही, म्हणून तसाच ठेवला आहे.

बादशाह

काका, पेंटर आमच्या शेजारीच राहतात. रोज सकाळी अब्बांना सलाम करून जातात. — अनिसा


बारामती
१५ फेब्रुवारी १९९७

सोमनाथ,

गाडीचं काम सध्या थांबवलं आहे. चेन मिळत नाही, पुण्याहून यायची आहे. फोटोचं जमलं नाही. फोटोग्राफर लग्नसराईत अडकला आहे.

मुक्ता आणि मुलं बरी असतील.

बादशाह

काका, चेन आठ दिवसांपूर्वीच आली आहे, कपाटात आहे. फोटोग्राफरही आला होता. गुरुवारी काय झालं ते मी सांगते.

अब्बांनी चार जणांना हाका मारून बोलावलं. फोटोग्राफर कॅमेरा सावरून उभा राहिला. अब्बांनी इंजिनाच्या डाव्या अंगाचं गोल कव्हर काढलं, आत वाकून बघितलं, बोटानं काहीतरी खरवडलं आणि कव्हर परत लावून टाकलं. म्हणाले, "आज उजेड न्हाय." दुपारचे बारा वाजले होते, काका. डोळे दिपत होते इतकं ऊन होतं. फोटोग्राफर रिकामा कसा जाणार, म्हणून त्याला गॅरेजच्या दाराचा फोटो काढायला लावला. बोर्डासकट.

तेव्हापासून अब्बा कोणावर ओरडलेले नाहीत. काल एकानं चुकून पेट्रोलच्या टाकीत रॉकेल ओतून आणलं, तर त्याला म्हणाले, "होतं असं." अम्मी घाबरली आहे, डॉक्टरला दाखवू म्हणते. आज मला वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, हल्ली अक्षरं बारीक छापतात. अक्षरं होती तेवढीच आहेत.

त्या कव्हरच्या आत काय आहे? मला बघू देत नाहीत. मला वाटतं, तुम्हाला माहीत आहे.


बारामती
१० मार्च १९९७

सोमनाथ,

हे अक्षर माझं आहे. वाकडं आहे, वर-खाली जातं आहे, तरी माझं आहे. अनिसाला तिच्या अम्मीबरोबर बाजारात पाठवलं आहे, कारण हे तिच्या हातून लिहून घ्यायची लाज वाटते.

रंग हिरवा आहे.

लिहून टाकलं बघ. महिनाभर हे तीन शब्द लिहायचे टाळत होतो.

तेलात शिजून काळपट झालाय. नखानं खरवडला, खालून हिरवा निघाला. दोन्ही बोल्टांवर. तुझा हात त्या कामाला लागलेलाच नाही. त्या आठवड्यात आपण तीन इंजिनं उघडली होती आणि कोणतं कोणी बंद केलं ते मला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं तरी मी तुझं नाव घेतलं, कारण माझ्या हातून चूक होईल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. तू म्हणालास रंग बघा, तर तेवढंही केलं नाही.

पण मी एवढ्यावर मानणारा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे. मनाला म्हटलं, ठिपका माझा आहे ना, मग दात बरोबरच असणार, गाडी दुसऱ्या कशानं ओढत नसेल. म्हणून खुणा बघायला बसलो. खाली मॅग्नेटवरची टी अक्षराची खूण रेषेवर आणायची आणि वर चाकावरची गोल खूण खाचेसमोर आली का बघायचं, मी आयुष्यभर केलेलं काम. आणि सोमनाथ, मला खूणच दिसेना. दिवा जवळ आणला. मान वाकडी केली. मागे सरकलो. नुसतं पुसट पुसट.

मग एकेक आठवायला लागलं. ९१ सालीसुद्धा टॅपेटची फट मोजायची पट्टी मी तुझ्याच हातात द्यायचो. वस्तादाच्या थाटात म्हणायचो, "सोमनाथ, किती नंबर हाय बघ रे." मला वाटायचं मी तुझी परीक्षा घेतो आहे. खरं म्हणजे मला तो नंबर वाचता येत नव्हता. मास्तरांच्या गाडीच्या वेळी तू जवळ नसशील आणि मी अंदाजानं खूण लावून मोकळा झालो असेन. चष्मा लावला तर लोक म्हणतील बादशाह म्हातारा झाला, ही भीती. चाळिशी उलटून सात वर्षं झाली होती आणि मी चाळिशी लावायला लाजत होतो.

गेल्या मंगळवारी जाऊन चष्मा केला. दुकानदार म्हणाला, "भाई, एवढा नंबर असून इतकी वर्षं काम कसं केलंत?"

मी म्हटलं, "सोमनाथ होता."

तो म्हणाला, "तो गेल्यावर?"

तो गेल्यावर मी मोठी कामं घेणं बंद केलं होतं. लोकांना सांगायचो, हल्लीच्या गाड्यांत राम राहिला नाही.

चष्मा लावून परत कव्हर काढलं. एक दात चुकलेला आहे. अर्धा नाही, पाव नाही. पुरा एक. आरशासारखं स्वच्छ दिसलं.

त्याच दिवशी चष्म्यातून तुझ्या भाभीकडे नीट बघितलं. म्हणाली, असं काय बघताय? मी म्हटलं, केस किती पांढरे झाले तुझे. दोन दिवस बोलली नाही.

सोमनाथ, मला माफ कर. तू गेल्यापासून मला गॅरेजात करमलेलं नाही. रेडिओ लावतो, बंद करतो. चहा सांगताना अजून तोंडात 'दोन' येतं, मग एक ओततो गटारात. पुलर तुझा आहे. लेथवाल्यापाशी उभं राहून तूच करून घेतला होतास. माझा म्हणून मागितला, कारण तुला पत्र लिहायला दुसरं काही सुचलं नाही.

बादशाह


इंदापूर
१५ मार्च १९९७

बादशाहभाईंना सलाम,

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं. मुक्तानं एकदा मोठ्यानं वाचलं आणि डोळे पुसले, मग मला म्हणाली, तुम्ही का पुसत नाही? मी म्हटलं, अजून वेळ आहे.

तुम्ही मला पत्रात सांगितलं, ते पोचलं. पण भाई, माझं नाव तुम्ही पत्रात नव्हतं घेतलं, माणसांत घेतलं होतं. बारामतीहून ते माझ्या आधी इंदापूरला पोचलं. अजूनही गिऱ्हाईक किल्ली हातात देताना हसतं, "मिस्त्री, दात मोजून बसवा बरं का." मीही हसतो. सहा वर्षं हसतोय. मला मोठी पोरगी आहे, ती बाजूला उभी असते तेव्हाही हसतो.

जिथं बोललात तिथं सांगा. मग येतो.

डोळ्यांचं मला माहीत होतं. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. ती चूक माझी.

मुद्दाम कार्डावर लिहिलं आहे. पोस्टमननं वाचलं तर वाचू दे.

सोमनाथ


बारामती
२४ मार्च १९९७

सोमनाथ,

जयभीम.

तुझं कार्ड आधी पोस्टमननं वाचलं, मग गल्लीनं, आणि सगळ्यात शेवटी मी. त्यामुळे निम्मं काम पोस्टखात्यानंच केलं. उरलेलं मी गुरुवारी केलं.

गुरुवारी सकाळी मास्तरांची गाडी गॅरेजच्या दारात, रस्त्याला तोंड करून उभी केली. कव्हर काढलं. हातातली बॅटरी पेटवून सुतळीनं हँडलला टांगली. आणि बाजूला स्टूल टाकून बसलो. जो येईल त्याला हाक मारून दाखवलं, "या, बघा. ही खाच. ही खूण. मधी एक दात चुकलाय. आन् बोल्टवरचा रंग बघा, हिरवा हाय. हिरवा म्हंजी माझा. सोमनाथचं नाव मी खोटं घेतलं होतं."

पहिल्या चार जणांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पाचवा जाऊन चार माणसं घेऊन आला. दुपारपर्यंत रांग लागली. बाजार करून निघालेली माणसं पिशव्या खाली ठेवून वाकत होती, 'बादशाहची चूक' बघायला. सांगवीची एक भाजीवाली बाई बराच वेळ डोळा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मला तर काय बी दिसंना." मी माझा चष्मा दिला. म्हटलं, "आता?" म्हणाली, "आता बी न्हाय. पर तुमी इतकं म्हनताय तर चूक तुमचीच आसंल."

ज्ञानू रसवंतीवाला आठवतो? ९१ साली त्या चार गिऱ्हाइकांत तोही होता. त्यानं वाकून दोनदा बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी आमी सहा वर्सं सोमनाथला उगंच हसलो व्हय?"

"व्हय."

"मग आता कुनाला हसायचं?"

"मला."

आणि हसला की! पोट धरून हसला. त्याचं बघून सगळी रांग हसली. मला वाटलं होतं अशा वेळी जमीन पोटात घेईल तर बरं. पण खरं सांगतो, हसणं ऐकता ऐकता छातीवरचं ओझं उतरत गेलं, आणि शेवटी त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं मीच हसत होतो. तुझी भाभी सायराबानू पडद्याआडून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, लग्न झाल्यापासून तुम्ही चुकलात असं तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं, आता घरातल्या चुका केव्हा दाखवणार? मी म्हटलं, तेवढा मोठा बाजार बारामतीत भरत नाही.

हाल झाले ते मास्तरांचे. धावत आले आणि रुमालानं इंजिन झाकायला लागले. "बादशाहभाई, झाका हो ते. माझ्यामुळं तुमची शोभा." मी म्हटलं, "मास्तर, गाडी तुमची हाय, चूक माझी हाय. मी दाखवनार." मग तो भला माणूस काय करणार? सगळ्या रांगेला त्यानं चहा पाजला.

इंदापूरच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर दोघांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते तुझ्याकडे स्टँडवर सांगतीलच. अजून कोणाला सांगायचं राहिलं असेल तर नाव कळव, मी जाऊन सांगतो.

शुक्रवारी मॅग्नेट काढला. तुझ्याच पुलरनं. दोन आट्यांत सुटला. जुनी चेन काढली, हातात धरली तर साखळीसारखी लोंबत होती. नवी खालच्या चाकावर चढवून मॅग्नेट परत बसवला आहे आणि चेनचं वरचं टोक आत पडू नये म्हणून तारेनं बांधून हँडलला अडकवलं आहे. आता फक्त खुणा जुळवायच्या आणि दोन बोल्ट आवळायचे राहिलेत. चष्मा आहे. दिसतंही आहे. पण हात पुढे होत नाही.

ये रे आता.

बादशाहभाई

काका, अब्बांना काल एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, एस म्हणजे काय? अब्बा म्हणाले, "सोमनाथ. इंदापूरला असतो. येनार हाय." — अनिसा


बारामती
९ एप्रिल १९९७

सोमनाथ,

जयभीम.

तू रविवारी संध्याकाळच्या गाडीनं गेलास आणि आज बुधवार. एवढ्यात पत्र कशाला, म्हणशील. पण तू गेल्यावर दोन गोष्टी घडल्या, त्यातली एक सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि एक सांगितल्याशिवाय झोप लागत नाही.

आधी तुझं येणं. तू दारात उभा राहिलास, पिशवी खांद्याला, आणि म्हणालास, "कुठं हाय गाडी?" सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे! मी म्हटलं, "हितंच हाय." मग मी उगाच बॅटरी पुसत होतो आणि तू उगाच बाह्या वर करत होतास. अनिसानं चहा आणला, दोन कप, तेव्हा कुठे आपल्याला तोंड फुटलं. तू खुणा जुळवल्यास आणि तोंडानं सांगत गेलास, "टी रेषेवर, भाई. गोल खाचेसमोर, भाई." मी चष्म्यातून बघून 'व्हय' म्हणत होतो. तू सांगायचं आणि मी व्हय म्हणायचं, असं आपण पूर्वी का केलं नाही? पहिल्या किकला गाडी सुरू झाली. आवाज इतका बारीक की मास्तर विचारायला लागले, "चालू हाय नव्हं?"

आता पहिली गोष्ट. सोमवारी मास्तर मास्तरीणबाईंना मागे बसवून घरी निघाले. कालव्याचा पूल आला. सहा वर्षांच्या सवयीनं मास्तरांनी चढाआधी गाडी मंद केली आणि सहा वर्षांच्या सवयीनं बाई खाली उतरल्या. मास्तरांनी सवयीप्रमाणेच मूठ पूर्ण पिळली. गाडी जी उधळली, ती पुलावर, पुलापलीकडे आणि पार उसाच्या कडेपर्यंत. आपल्या मागे कोणी नाही हे त्यांना कळलंच नाही. पिंपळीत शिरेपर्यंत ते बाईंशी बोलत होते, 'बघितलंस का कशी ओढती!' वेशीवरच्या लोकांनी थांबवून विचारलं, मास्तर, कोणाशी बोलताय? मग परत आले. बाई पुलाच्या कठड्यावर बसून हसत होत्या. म्हणाल्या, "आता मला गाडीवर बसवूनच न्या एकदा. पूल गाडीवरनं कसा दिसतो ते इसरलेच मी."

काल मास्तर गॅरेजात आले. हळूच म्हणाले, "बादशाहभाई, गाडी लईच पळतीया. जरा कमी करता यील का? एखादा दात?"

मी म्हटलं, "मास्तर, त्या कामाचा मिस्त्री हितंच होता, पर त्यानं आता ते काम सोडलं."

आता दुसरी गोष्ट. ही ऐकून तू चिडशील, पण लपवलं की काय होतं ते आपण दोघांनी बघितलं आहे.

बोल्ट आवळून झाल्यावर तू खिशातून निळ्या रंगाची डबी काढलीस आणि दोन्ही बोल्टांवर ठिपके दिलेस. मी म्हटलं, एक मला दे. तू म्हणालास, "खुणा मी जुळवल्या, भाई. काम ज्याचं, रंग त्याचा. नियम तुमचाच हाय." मी हात मागे घेतला. नियम माझाच होता. आपण कव्हर लावलं आणि जेवायला गेलो. तुझ्या भाभीनं त्या दिवशी शीरखुर्मा केला, ईद नसताना केला, आणि अंदाज एका वाटीनंही चुकला नाही.

तू गेलास आणि मी गॅरेजात परत आलो. कव्हर काढलं. हिरव्या रंगाची डबी काढली. तळाशी थोडा उरला होता, त्यात दोन थेंब रॉकेल घातलं. आणि डावीकडच्या बोल्टवरचा तुझा ठिपका पुसून तिथे माझा दिला. चष्मा लावून दिला, जागेवर बसला आहे.

आता आत एक निळा आहे आणि एक हिरवा. कव्हर लावून टाकलं आहे. दात चुकलेला निघालाच, तर या वेळी तो दोघांचा निघेल.

तू पुलर इथेच विसरून गेलास. तुझाच आहे हे मी चार माणसांत कबूल करतो, पण पाठवणार नाही. आमच्या ड्रायव्हरांचा काही भरवसा नाही. न्यायला ये. चौदा एप्रिलला तू तिकडे मिरवणुकीत असशील, तेव्हा नको. अठराला बकरी ईद आहे, तेव्हा मुक्ताला आणि मुलांना घेऊनच ये. गॅरेजातली दुसरी खुंटी, तुझे कपडे अडकवायची, रिकामीच आहे. मी तिथे कधी काही टांगलं नाही.

तुझा
बादशाहभाई

काका, तुम्ही पुलर विसरला नव्हता. तुम्ही जेवत होता तेव्हा अब्बांनी तो तुमच्या पिशवीतून काढून रॅकमध्ये नेऊन ठेवला. मी दारातच उभी होते. मला म्हणाले, तू काही बघितलं नाहीस. म्हणून मी काही बघितलेलं नाही. आता रॅकमध्ये तीन पुलर आहेत. — अनिसा